डॉ. शंभुनाथ डे

पटकी हा शब्द आजच्या मुलांस बहुधा पुस्तकातच भेटतो. आमच्या बालपणी मात्र आषाढीच्या वारीस निघणाऱ्यांस पटकीची लस टोचून घ्यावी लागे, हे आम्हांस पक्के स्मरते. या रोगाचे मर्म ज्यांनी उघड केले, त्या डॉ. शंभुनाथ डे यांचे नाव आम्ही पस्तीस वर्षे शिक्षकी करूनही निवृत्तीनंतरच प्रथम वाचले, हे कबूल करताना संकोच वाटतो.

१ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. हुशारीच्या बळावर ते हुगळीच्या मोहसीन कॉलेजात व तेथून कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात गेले, १९३९ साली डॉक्टर झाले आणि १९४९ साली लंडनची पीएच.डी. घेऊन स्वदेशी परतले.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यासच वेगळा केला होता. हा जंतू विष निर्माण करीत असावा, असा तर्कही त्याने केला; परंतु पाऊणशे वर्षे तो तर्कच राहिला. हे विष जंतूच्या शरीरातच असते व तो मेल्यावर बाहेर पडते, असा समज दृढ झाला होता. डे यांनी विचार केला तो साधा : रोग आतड्याचा, तर परीक्षाही आतड्यातच घ्यावी. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांस दोऱ्याने बांधून त्यांनी त्यात पटकीचे जंतू सोडले. काही तासांनी पाहतात तो आतडे पाण्याने टम्म फुगलेले! हा प्रयोग त्यांनी व डी. एन. चटर्जी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. पुढे जंतू वाढविलेले द्रव गाळून, त्यात एकही जंतू नाही अशी खात्री करून, केवळ तेच आतड्यात सोडले. तरीही पाणी भरले. जंतू विष बाहेर सोडतो, हे सिद्ध झाले. ३० मे १९५९ च्या ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकात अवघ्या दोन पानांत हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनीही वेगळ्या मार्गाने पटकीच्या विषाची साक्ष मिळविली, ही आपणां महाराष्ट्रीयांस अभिमानाची गोष्ट होय.

संशोधक आपल्या निबंधात ज्या पूर्वसूरींचा आधार घेतो, त्यांचा नामनिर्देश करतो. असे निर्देश मोजून कोणत्या निबंधाचा पुढे किती उपयोग झाला हे पाहण्याची पद्धत अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी रूढ केली. मुलांच्या वह्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या आम्हांस ही गुणपत्रिका थोडी विचित्र वाटते. निर्देश अधिक म्हणजे सत्य अधिक, असे काही नाही. डे यांच्या बाबतीत तर हा निकाल फारच उशिरा लागला. १९५९ च्या निबंधाकडे आरंभीची काही वर्षे विशेष लक्ष गेले नाही. विष शुद्ध करण्याची साधने त्यांच्या प्रयोगशाळेत नव्हती. ते कार्य १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांनी केले. त्यानंतर या विषाचा उपयोग पेशींचा व्यवहार समजून घेण्यासाठीही होऊ लागला, आणि ज्यांना पटकीशी काही कर्तव्य नव्हते तेही डे यांच्या शोधाच्या वाटेने चालू लागले.

मायदेशी मात्र त्यांस एकही मोठा सन्मान लाभला नाही. १९७३ साली ते कलकत्ता मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले. १९७८ साली स्टॉकहोम येथे नोबेल प्रतिष्ठानच्या विद्यमाने पटकीवर परिसंवाद भरला, त्याचे त्यांस सन्मानपूर्वक निमंत्रण आले. स्वतः नोबेल मिळविलेल्या जोशुआ लेडरबर्ग यांनी त्या पारितोषिकासाठी त्यांचे नावही सुचविले होते. ते मिळाले नाही. प्रसिद्धीच्या मागे धावण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, असे सांगतात. पण ज्यांनी त्यांस शोधून काढावयास हवे होते, त्यांचा दोष त्यामुळे कमी होतो असे आम्हांस वाटत नाही.

१५ एप्रिल १९८५ रोजी डॉ. डे निवर्तले. पुढील वर्षी गारफील्ड यांनी पटकीच्या संशोधनाचा आलेख काढून त्यात डे यांचे स्थान दाखविणारा लेख लिहिला, आणि १९९० साली बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ने त्यांच्या कार्यास वाहिलेला विशेषांक काढला.