आईला खाटेजवळ जागा देणारे डॉक्टर : सर जेम्स स्पेन्स

वाचकहो, अत्यवस्थ लेकराला इस्पितळात एकटे ठेवून आईने घरी परतावे, ही कल्पनाही आपणांस सहन होणार नाही. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील अनेक इस्पितळांचा हाच शिरस्ता होता. भेट आठवड्यातून एखाद्याच दिवशी. काही ठिकाणी तर तीही नाही. आईबाप रोगजंतू घेऊन येतात आणि ते निघाले की मुले रडतात, अशी कारणे दिली जात. हा शिरस्ता मोडणाऱ्यांत डॉ. जेम्स स्पेन्स अग्रभागी होते.

त्यांचा जन्म १८९२ साली नॉर्थम्बरलंडमधील ॲम्बल येथे झाला. न्यूकॅसलला वैद्यकीचे शिक्षण घेऊन पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्याच्या वैद्यकीय दलात सेवा केली व शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळवला.

युद्धानंतर न्यूकॅसलच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये त्यांनी आजारी बाळासोबत आईलाही दाखल करून घेण्याची प्रथा पाडली. लहानशा खोलीत मायलेकरे एकत्र राहत. दूध पाजणे, अंग पुसणे, रात्री जागणे हे आईच करी. परिचारिका तिला शिकवी व लक्ष ठेवी. याचे लाभ पाहा. अंगावरचे दूध तुटत नसे. बाळात झालेला बारीकसा बदलही आईच्या नजरेतून सुटत नसे. एकच व्यक्ती एकाच बाळाला हाताळत असल्याने संसर्गाचा धोका कमी होई. आणि घरी जाताना, बाळाला आपणही बरे केले, हा विश्वास तिच्यासोबत जाई.

१९४२ साली ते बालआरोग्याचे प्राध्यापक झाले. १९४७ मध्ये न्यूकॅसलच्या हजारावर कुटुंबांतील नवजात बालकांचा अभ्यास त्यांनी हाती घेतला, कारण मुलाचा आजार घरापासून वेगळा काढून समजत नाही, अशी त्यांची धारणा होती. १९५० साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९५४ साली ते निवर्तले. पुढे १९५९ च्या प्लॅट समितीनेही पालकांना मुक्तपणे भेटू द्यावे व लहान मुलांसोबत आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली.

वाचकहो, आपल्याकडे नातेवाईक इस्पितळात असतात खरे, पण बरेचदा औषधे आणण्यापुरते व व्हरांड्यात ताटकळण्यापुरते. त्यांना दोन गोष्टी नीट समजावून रुग्णाच्या सेवेत सामील करून घेतले, तर रुग्णास धीर येईल आणि घरच्यांच्या मनातील भयही ओसरेल. आपल्या मुलामुलींपैकी जे उद्या डॉक्टर वा परिचारिका होतील, त्यांनी स्पेन्स यांचा हा धडा अवश्य गिरवावा.