खेचरांच्या वाटेवरून नक्षत्रलोकी
(मिल्टन ह्यूमसन यांचा जीवनपरिचय)

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, पॅसाडेना नगरीच्या पाठीशी, माउंट विल्सन हा सुमारे ५,७०० फूट उंचीचा पर्वत उभा आहे. १९०४ साली जॉर्ज एलरी हेल या ज्योतिर्विदाने तेथे वेधशाळा स्थापन केली. त्या काळी बांधकामाचे बरेचसे सामान अरुंद डोंगरवाटेने खेचरांच्या पाठीवरूनच वर जाई. त्या खेचरांचे तांडे हाकणाऱ्यांत मिल्टन ह्यूमसन नावाचा एक तरुण होता.

ह्यूमसन यांचा जन्म १८९१ साली मिनेसोटा प्रांतात झाला. चौदाव्या वर्षी ते या पर्वतावर आले आणि त्याच्या असे मोहात पडले की शाळा कायमची सुटली. पर्वतावरील हॉटेलात पडेल ते काम त्यांनी केले. पुढे खेचरे हाकली. १९११ साली वेधशाळेतील यंत्रज्ञाच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. संसारासाठी काही काळ त्यांनी पर्वत सोडला खरा. परंतु मन तेथेच गुंतले होते. १९१७ साली झाडलोटीचे काम पत्करून ते वेधशाळेत परतले.

रात्री दुर्बिणीपाशी मदतनीस म्हणून उभे राहता राहता ते छायालेखनाची कला शिकले. त्यांच्या हाताचे कौशल्य हेल यांच्या नजरेस आले. शिक्षण नाही, त्यातून यंत्रज्ञाचा जावई, असे आक्षेप सहकाऱ्यांतून निघाले. तथापि हेल यांनी ते मानले नाहीत आणि ह्यूमसन यांना शास्त्रज्ञवर्गात घेतले.

या निर्णयाचे फळ अवघ्या जगाला लाभले. अतिदूरच्या दीर्घिकांचा प्रकाश इतका मंद असतो की एका वर्णपटासाठी अनेक रात्री तीच काच पुनःपुन्हा लावून प्रकाश साठवावा लागे. घुमटात ऊब करता येत नसे, कारण उष्ण हवेने प्रतिमा थरथरते. एका दीर्घिकेच्या दोन छायालेखांस अनुक्रमे ३३ व ४५ तास लागले. तिचा वेग सेकंदास सुमारे ३,८०० किलोमीटर ठरला. तो निष्कर्ष १९२९ साली प्रसिद्ध झाला. एडविन हबल यांनी अंतरे मोजली, ह्यूमसन यांनी वेग मोजले आणि विश्व प्रसरण पावत असल्याचा पुरावा उभा राहिला.

१९५० साली स्वीडनमधील लुंड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९५७ साली ते निवृत्त झाले, तरी आकाश सुटले नाही. १९६१ साली त्यांनी शोधलेला धूमकेतू त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९७२ साली त्यांचे देहावसान झाले.

ह्यूमसन यांचे कष्ट थोर होतेच. परंतु त्यांना दुर्बिणीपाशी उभे राहू देणारे हेल नसते तर ते कष्ट झाडलोटीतच संपले असते. आपल्या घरातील एखाद्या मुलाची शाळा सुटली, म्हणून त्याची बुद्धीही सुटली असे आपण मानू नये, एवढाच बोध या चरित्रातून घ्यावा.