एका मिनिटाची गाणी, तीस वर्षांचं आयुष्य : ‘नासुम’चा म्येश्को तालार्चिक

२६ डिसेंबर २००४. तो रविवार आपल्याकडे कोण विसरलंय? सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि काही तासांत त्सुनामीच्या लाटा अंदमान-निकोबार, नागपट्टणम, श्रीलंका, थायलंडच्या किनाऱ्यांवर येऊन आदळल्या. दोन लाखांहून जास्त माणसं गेली. त्यात थायलंडच्या फी फी बेटांवर गेलेला एक स्वीडिश गायक-गिटारवादकही होता. तीनच दिवसांपूर्वी त्याला तीस वर्षं पूर्ण झाली होती. त्याचं नाव म्येश्को तालार्चिक.

म्येश्कोचा जन्म २३ डिसेंबर १९७४ चा, पोलंडमधला. नाव कायम पोलिशच राहिलं, पण त्याची सगळी कारकीर्द घडली स्वीडनमध्ये, ओरेब्रो या मध्यम आकाराच्या शहरात. १९९२ मध्ये तिथल्या आंदेर्स याकोबसन आणि रिकार्ड आल्रिक्सन या दोघांनी ‘नासुम’ नावाचा बँड काढला. म्येश्को त्यात आला तो गिटार घेऊन. पुढे आल्रिक्सन बाहेर पडला, याकोबसन ड्रमवर बसला आणि गाण्याची बाजू म्येश्कोकडे आली.

हे संगीत ‘ग्राइंडकोर’ म्हणून ओळखलं जातं. पंकचा राग आणि मेटलची जड गिटार, दोन्ही एकत्र करायचं आणि वेग शक्य तितका वाढवायचा. गाणं मिनिटभरात, कधी त्याच्याही आत संपतं. इंग्लंडच्या ‘नेपाम डेथ’ने १९८७ मध्ये ‘स्कम’ या अल्बमात २८ गाणी घालून ही वाट पाडली. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा नुसता गोंगाट वाटतो, ते साहजिकच आहे. गायक गात नाही, ओरडतो. शब्द कळत नाहीत. पण ते शब्द कागदावर वाचले तर त्यात माणसाला यंत्र बनवणारं काम, सत्ता, युद्ध आणि मुकाट्यानं जगणारा समाज यांच्याबद्दल बोललेलं सापडतं. ‘नासुम’च्या एका सुरुवातीच्या रेकॉर्डचं नावच ‘इंडुस्ट्रिस्लावेन’, म्हणजे कारखान्याचा गुलाम.

१९९८ मध्ये ‘इनहेल/एक्सहेल’ हा पहिला मोठा अल्बम अमेरिकेच्या ‘रिलॅप्स’ कंपनीनं काढला. त्यात ३८ गाणी होती. मग ‘ह्युमन २.०’ (२०००), ‘हेल्वेते’ (२००३) आणि ‘शिफ्ट’ (२००४) आले.

म्येश्कोचं खरं वेगळेपण मात्र ओरडण्यात नव्हतं, ऐकण्यात होतं. तो ध्वनिमुद्रणातला जाणकार. ओरेब्रोतल्या ‘साउंडलॅब’ स्टुडिओत तो स्वतः काम करायचा, आपल्या बँडचं आणि दुसऱ्यांचंही. या प्रकारातली जुनी रेकॉर्डिंगं बहुतेक वेळा चिखलासारखी. कुठलं वाद्य कुठं आहे ते उमगत नसे. ‘नासुम’च्या अल्बमांत गिटार भिंतीसारखी उभी राहते, तरी ड्रमचा एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. त्या एवढ्या वेगातही चाल कानात राहते. राग मांडायचा तर तो नीट मांडायचा, असं जणू त्यानं ठरवूनच टाकलं होतं. नंतरच्या ग्राइंडकोर बँडांनी त्याच्याकडून घेतलं ते हेच.

त्सुनामीनंतर काही आठवडे तो बेपत्ता होता. फेब्रुवारी २००५ मध्ये मृतदेहाची ओळख पटली. त्या लाटांत ५४३ स्वीडिश नागरिक गेले; नव्वद लाखांच्या देशासाठी हा घाव केवढा मोठा! राहिलेल्या साथीदारांपुढं प्रश्न होता. अल्बम नुकताच आलेला, नाव झालेलं, नवा गायक मिळाला असता. त्यांनी तसं केलं नाही. म्येश्कोशिवाय बँड नाही, असं ठरवून ‘नासुम’ थांबवला. २००५ मध्येच ‘ग्राइंड फिनाले’ या संग्रहात इकडेतिकडे विखुरलेली १५२ गाणी एकत्र केली.

बँडला वीस वर्षं झाली तेव्हा, २०१२ मध्ये, त्यांनी निरोपाचा दौरा काढला. म्येश्कोच्या जागी ‘रॉटन साउंड’ या फिनिश बँडचा केइयो नीनिमा उभा राहिला.

हे संगीत सगळ्यांना आवडेल असं नाही, आणि ते तसं असायलाही नको. पण एकदा ‘हेल्वेते’ लावून बघा. दोन-तीन गाण्यांनंतर कान सरावतात, आणि गोंगाटाच्या आत किती काळजीनं काम केलेलं आहे ते कळायला लागतं.