कानावर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ : जे. बी. एस. हाल्डेन



उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीत पोहणारी मुलं तुमच्याही वर्गात असतील. तळातला दगड वर आणायची त्यांची पैज लागते. दोन-तीन मीटर खाली गेलं की कान ठणकायला लागतो, पण पैज हरायची नसते, म्हणून मूल तसंच खाली जातं. मग शाळा उघडली की एखादा विद्यार्थी कानात कापूस घालून येतो. विचारलं तर पाणी गेलं म्हणून सांगतो. मोठ्यांनीही त्याला थोडं सहन कर, मोठा झालास ना आता, असंच सांगितलेलं असतं.

हा कान का दुखतो, हे मुलांना समजावून सांगायचं असेल तर एका माणसाचं चरित्र फार उपयोगी पडतं. त्यांचं नाव जे. बी. एस. हाल्डेन. जन्माने इंग्रज, पण शेवटी भारताचे नागरिक झालेले.

बालपण : प्रयोगशाळेतच वाढलेला मुलगा

हाल्डेन यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1892 रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे मोठे अभ्यासक. खाणीतली विषारी हवा आणि पाणबुड्यांना होणारा त्रास हे त्यांचे विषय. ते लहानग्या जॅकलाही सोबत नेत. एकदा खाणीत त्यांनी त्याला उभं राहून नाटकातलं एक भाषण म्हणायला लावलं. थोड्याच वेळात जॅकला धाप लागली आणि तो खाली बसला. खाली बसताच श्वास नीट चालू लागला! खाणीतला मिथेन वायू हवेपेक्षा हलका असतो, म्हणून तो छताजवळ साठतो, हा धडा त्याला पुस्तकाशिवायच मिळाला.

1906 साली वडील स्कॉटलंडच्या समुद्रात ब्रिटिश नौदलासाठी पाणबुड्यांवर प्रयोग करत होते. तेव्हा 13 वर्षांच्या जॅकलाही पाणबुड्याचा पोशाख घालून खाली सोडलं. पोशाख मोठ्यांच्या मापाचा, त्यामुळे आत पाणी शिरलं. तरी तो सुखरूप वर आला. खोलवरून वर येताना टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत यायचं, हे कोष्टक वडिलांनी याच अभ्यासातून 1908 मध्ये मांडलं. त्यामुळे असंख्य पाणबुड्यांचे जीव वाचले.

आधी विषारी वायूचा मास्क

पहिल्या महायुद्धात हाल्डेन सैन्यात होते. 1915 साली रणांगणावर क्लोरीन वायू सोडला गेला, तेव्हा वडिलांनी त्यांना बोलावून घेतलं. वायू भरलेल्या बंद खोलीत बसून कोणता मास्क किती वेळ वाचवतो, हे त्या लोकांनी स्वतःच्या छातीवर तपासलं. पुढे हाल्डेन जखमी झाले आणि उपचारासाठी हिंदुस्थानात आले. या देशाशी त्यांचं नातं तिथून जुळलं.

युद्धानंतर त्यांनी आनुवंशिकतेचं गणित मांडलं. उत्क्रांतीच्या अभ्यासात त्यांचं नाव आजही पहिल्या ओळीत घेतात. कामगारांच्या वर्तमानपत्रात सोप्या भाषेत विज्ञानलेख लिहिले, मुलांसाठी गोष्टींचं पुस्तकही लिहिलं. पण आपला विषय आज कान आहे.

थेटिस पाणबुडी आणि फाटलेला पडदा

जून 1939 मध्ये थेटिस नावाची ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळीच लिव्हरपूलजवळच्या समुद्रात बुडाली. 99 माणसं दगावली, फक्त चौघे बाहेर पडू शकले. मृतांमध्ये साधे कामगारही होते, म्हणून कामगार संघटनांनी हाल्डेन यांना कारणं शोधायला सांगितलं. पुढे नौदलानेही हे काम त्यांच्याकडे दिलं.

त्यांनी काय केलं? पोलादी टाकीत स्वतः शिरले आणि आतला हवेचा दाब वाढवायला लावला. सोबत सहकारी होते, पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या हेलन स्परवेही होत्या. दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतला तर शरीराला झटके येतात, हे त्यांनी स्वतः भोगलं. एका झटक्यात हाल्डेन यांच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली. ते दुखणं जन्मभर राहिलं. दाबाच्या प्रयोगांत कानाचा पडदाही फाटला. तंबाखूचा धूर आपण कानातून काढू शकतो, अशी गंमत ते नंतर स्वतःच सांगत. ऐकू मात्र कमी येऊ लागलं होतं.

मुलांना ही गंमत सांगा, ती हसतील. पण तिथे थांबू नका. ते सगळं त्यांनी मोठेपणी, समजून-उमजून आणि दुसऱ्या कुणाचा जीव जाऊ नये म्हणून केलं. पैज जिंकण्यासाठी नाही. तो फरक मुलांच्या लक्षात आणून देणं हे आपलं काम.

कानात नक्की काय होतं?

समुद्रात दर 10 मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाएवढा दाब वाढतो. बाहेरचं पाणी पडद्याला आत ढकलतं. पडद्यामागे थोडी हवा असते. ती जागा एका अरुंद नळीने घशाला जोडलेली असते, तिला युस्टेशियन नळी म्हणतात. गिळलं किंवा नाक चिमटीत धरून हलकेच हवा दिली की नळी उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. घाट चढताना दडे बसतात आणि गिळल्यावर सुटतात, तसंच हे. सर्दी झाली असेल तर नळी बंद राहते, म्हणून सर्दीत बुडी मारू नये. कान दुखलाच तर जोर करू नये, वर यावं.

मास्क आणि त्याची काळजी

पोहण्याच्या चष्म्यात नाक बाहेर असतं, त्यामुळे खोल गेल्यावर तो डोळ्यांवर आवळतो आणि आत हवा सोडताही येत नाही. म्हणून बुडी मारण्याच्या मास्कमध्ये नाक आत घेतलेलं असतं. काही मास्कना कानांवर बसणाऱ्या वाट्याही असतात. त्या बारीक नळ्यांनी पुढच्या भागाला जोडलेल्या असतात. नाकाने हवा सोडली की ती वाट्यांत जाते आणि कान कोरडे राहतात. पण लक्षात घ्या, पडद्यामागचा दाब सारखा करायचं काम तरीही आपल्यालाच करावं लागतं. ते काम मास्क करत नाही. आणि कानात बोळे घालून बुडी तर कधीच मारू नये.

वापरून झाल्यावर मास्क गोड्या पाण्याने धुवावा, नळ्या आणि वाट्यांच्या आतूनही पाणी फिरवावं. मीठ आणि वाळू आत राहिली तर हवा नीट जात नाही. मग सावलीत पूर्ण वाळवावा. उन्हात ठेवला तर रबर कडक होतं आणि फटीतून पाणी शिरतं. वर जड वस्तू ठेवू नये, कडा वाकतात. मालवण-तारकर्लीला स्कूबासाठी मुलांना नेणार असाल तर भाड्याच्या मास्कच्या कडा एकदा हाताने तपासा. पूर्वी कान फुटला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटची वर्षं भारतात

1957 मध्ये हाल्डेन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. धोतर-कुर्ता घालू लागले, शाकाहारी झाले, पुढे भारताचं नागरिकत्वही घेतलं. 1962 पासून भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभारत होते. कर्करोगाने 1 डिसेंबर 1964 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. जन्मभर ज्या शरीरावर प्रयोग केले, ते त्यांनी मृत्यूनंतर काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन टाकलं.

वर्गात करून पाहा

बादलीभर पाणी घ्या. मुलाच्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि तोंड पाण्याबाहेर राहील असा हात हळूहळू पाण्यात घालायला सांगा. पिशवी चारही बाजूंनी हाताला चिकटते. पाणी सगळीकडून दाबतं, हे हातालाच कळतं. मग हाल्डेन यांची गोष्ट सांगा.

आणि शेवटी एक वाक्य फळ्यावर लिहा : कान दुखला की वर यायचं आणि मोठ्यांना सांगायचं. आपल्याकडे आलेल्या मुलाला मात्र आपण सहन कर म्हणायचं नाही. तेवढा धडा आपण मोठ्यांनीही गिरवायला हवा, नाही का?