घटसर्पाच्या विषावर उतारा शोधणारे डॉ. एमिल फॉन बेहरिंग

बाळाच्या लसीकरण कार्डावर पेंटाव्हॅलंट लस लिहिलेली असते. ती ज्या पाच आजारांपासून संरक्षण देते, त्यांपैकी एक घटसर्प, म्हणजेच डिप्थीरिया. आजच्या बहुतेक तरुण पालकांनी हा आजार पाहिलेला नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या युरोपात मात्र त्याच्या नावानेच आईवडिलांच्या पोटात गोळा येत असे. मुलाचा घसा दुखायचा, ताप यायचा, टॉन्सिलवर राखाडी-पांढरा चिकट पडदा धरायचा, मान सुजायची आणि श्वास कोंडून मूल दगावायचे. या आजारावर पहिला खरा उपचार मिळाला तो डॉ. एमिल बेहरिंग यांच्या कामातून.

त्यांचा जन्म १५ मार्च १८५४ रोजी प्रशियातील हान्सडॉर्फ या खेड्यात झाला. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील शाळामास्तर आणि घरात तेरा मुले. विद्यापीठाचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून १८७४ मध्ये ते बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत दाखल झाले. शिक्षणाच्या बदल्यात अनेक वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करणे बंधनकारक होते.

त्या नोकरीत असताना त्यांनी जखमांवर लावल्या जाणाऱ्या आयोडोफॉर्मचा अभ्यास केला. हे औषध जंतूंना फारसे मारत नाही, पण जंतूंनी सोडलेले विष निकामी करत असावे, असे त्यांच्या लक्षात आले. जंतूऐवजी विषाशी लढायचे, हा विचार तिथून त्यांच्या डोक्यात बसला. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ इथेच आहे.

घटसर्पाला हा विचार अगदी लागू पडतो. त्याचे जंतू मुख्यतः घशातच राहतात. लोफ्लर यांनी १८८४ मध्ये ते प्रयोगशाळेत वाढवून दाखवले. त्यांनी तयार केलेले विष रक्तातून हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत पोहोचते, हे पॅरिसमध्ये रू आणि येर्सिन यांनी १८८८ मध्ये सिद्ध केले. म्हणूनच घसा बरा होत आलेला रुग्णही एक-दोन आठवड्यांनी हृदयावर परिणाम होऊन अचानक दगावू शकतो.

१८८९ मध्ये बेहरिंग बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत आले. तिथे जपानहून आलेले शिबासाबुरो कितासातो धनुर्वातावर काम करत होते. आजारापासून सुरक्षित केलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, दुसऱ्या प्राण्याला टोचला तर तोही वाचतो, असे दोघांना आढळले. डिसेंबर १८९० मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला.

प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा रस्ता मात्र सोपा नव्हता. सुरुवातीचे सीरम फार सौम्य होते आणि प्रत्येक खेपेची ताकद वेगळी असे. पॉल एर्लिख यांनी ती मोजण्याची पद्धत बसवली, तेव्हा कुठे भरवशाचा डोस देता येऊ लागला. १८९४ मध्ये जर्मनीत उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये रू यांनी घोड्यांपासून बनवलेले सीरम वापरले, तेव्हा तिथल्या मुलांच्या रुग्णालयात घटसर्पाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

१९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक बेहरिंग यांना मिळाले. कितासातोंना त्यात वाटा मिळाला नाही, हे मला आजही खटकते. एर्लिख यांच्याशीही बेहरिंग यांचे पुढे बिनसले. ते स्वभावाने सोपे गृहस्थ नव्हते. क्षयावर लस शोधण्याचे त्यांचे प्रयत्न फसले, आणि १९०७ नंतर जवळपास तीन वर्षे ते नैराश्यामुळे उपचार घेत होते.

त्यातून सावरल्यावर ते पुन्हा घटसर्पाकडे वळले. सीरमच्या मर्यादा आता उघड होत्या. ते म्हणजे उसने संरक्षण, काही आठवड्यांत संपणारे. शिवाय जे विष हृदयाच्या पेशींत शिरले, त्यावर सीरमचा इलाज चालत नाही, म्हणून उशीर झाला की उपयोग कमी होतो. शरीराने स्वतःच प्रतिकारशक्ती तयार करावी, यासाठी १९१३ मध्ये त्यांनी विष आणि उतारा यांचे मोजून केलेले मिश्रण लस म्हणून पुढे आणले. ३१ मार्च १९१७ रोजी मारबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच फ्रान्समधील गास्ताँ रामाँ यांनी फॉर्मॅलिन आणि उष्णतेने विष निरुपद्रवी करून टॉक्सॉइड बनवले. आजच्या लसीत तेच असते.

आता चांगली अँटिबायोटिक्स असताना लस कशाला, असे पालक विचारतात. अँटिबायोटिक जंतू मारते, पण आधीच रक्तात गेलेले विष निकामी करत नाही. त्यासाठी आजही घोड्यांपासून बनवलेले अँटिटॉक्सिनच लागते, आणि ते सगळीकडे लगेच मिळत नाही.

सरकारी वेळापत्रकात पेंटाव्हॅलंट ६, १० आणि १४ आठवड्यांना आहे. पुढे १६ ते २४ महिन्यांत आणि ५-६ वर्षांला डीपीटीचे बूस्टर, तर १० आणि १६ वर्षांना टीडी. लसीचा परिणाम हळूहळू ओसरतो, म्हणून हे पुढचे डोस असतात, आणि शाळेच्या वयातले नेमके तेच राहून जातात. एखादा डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कार्ड घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा, तिथून पुढचा डोस देतात. आणि हो, गाई-म्हशींना होतो तो घटसर्प हा वेगळ्याच जंतूचा आजार आहे. गोठ्यातल्या जनावरांना लस दिली म्हणून घरातल्या मुलांना संरक्षण मिळत नाही.