उंदरांच्या दुधातला विषाणू आणि कमलताई रणदिवे

कोरोनाची साथ ओसरली, पण ती मागे ठेवून गेलेल्या शंका अजून घराघरांत आहेत. त्यातलीच एक म्हणजे यकृताची. आजारपणात रक्त तपासलं, तेव्हा यकृताची आकडेवारी वाढलेली निघाली. मग पुढेमागे त्याचा कर्करोग तर होणार नाही ना? छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालय आणि 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जालना, बीड, परभणीकडचे रुग्णही इथेच येतात. त्यामुळे कर्करोग हा शब्द आपल्याकडे दूरचा राहिलेला नाही.

विषाणूमुळे कर्करोग होतो का, या प्रश्नावर एका मराठी बाईने आपलं सारं आयुष्य खर्ची घातलं. डॉ. कमल रणदिवे त्यांचं नाव.

जन्म पुण्याचा, 1917 सालचा. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं, डॉक्टर जावई मिळावा, असं त्यांच्या मनात होतं. हुजूरपागेतून बाहेर पडलेल्या या हुशार मुलीने मात्र वेगळी वाट धरली. 1934 मध्ये तिने फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. 1939 मध्ये जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी विवाह झाला. सासरी शिक्षण थांबलं नाही, उलट नवऱ्यानेच अभ्यासात हात दिला. त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. एम.एस्सी.साठी विषय निवडला तो सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा. दौलताबादची सीताफळं खाणाऱ्या आपल्या लोकांना याचं कौतुक वाटावं!

पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर हे गुरू भेटले. पेशींचा अभ्यास झाडांकडून माणसाच्या दुखण्याकडे वळला. 1949 मध्ये पीएच.डी. मिळाली. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे त्या ऊतिसंवर्धन शिकल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवण्याची ही विद्या. याच प्रयोगशाळेत 1951 मध्ये ‘हेला’ नावाच्या अमर पेशींची वाढ झाली होती. परतल्यावर बाईंनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. 1966 ते 1970 या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुराही त्यांच्याच खांद्यावर होती.

त्यांच्या कामाचा गाभा उंदरांच्या पिंजऱ्यात होता. काही जातींच्या उंदरांना स्तनाचा कर्करोग वारंवार होई. तो आईच्या दुधातून पिलांकडे जातो, हे अमेरिकेत बिटनर यांनी 1936 मध्ये दाखवलं होतं. पुढे त्या दुधात विषाणू सापडला. पण विषाणू असलेल्या प्रत्येक मादीला गाठ येतेच असं नाही. मग कुणाला येते? बाईंनी पिढ्यान्‌पिढ्या उंदीर पाळले, नोंदी ठेवल्या आणि आनुवंशिकता, संप्रेरकं व विषाणू यांचा मेळ बसला तरच रोग उमटतो, याकडे लक्ष वेधलं. एकट्या विषाणूवर खापर फोडून मोकळं होणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

यकृताच्या बाबतीत हेच चित्र माणसात दिसलं. हिपॅटायटिस बी हा विषाणू 1960च्या दशकात ब्लुमबर्ग यांच्या हाती लागला. तो यकृताच्या पेशींत वर्षानुवर्षं मुक्काम करतो, आपला जनुकीय मजकूर पेशीच्या मजकुरात घुसवतो. सततची सूज, मग सिऱ्होसिस, आणि काहींना वीसतीस वर्षांनी कर्करोग. त्यात दारू किंवा बुरशी लागलेल्या मका-शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन मिळालं, की धोका आणखी वाढतो.

कोरोनाची चाल वेगळी. तो यकृताला त्रास देतो हे खरं, पण बहुतेकांची वाढलेली आकडेवारी बरं झाल्यावर उतरते. तो हिपॅटायटिस बीसारखा पेशींत घर करून राहत नाही. कोरोनामुळे यकृताचा कर्करोग होतो, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. खरी झळ लागली ती दुसरीकडून. ज्यांचं यकृत आधीच खंगलेलं होतं, त्यांना कोरोना जास्त जड गेला. शिवाय 2020च्या टाळेबंदीत कर्करोगाच्या तपासण्या आणि उपचार लांबले. गाठ काही टाळेबंदी पाळत नाही.

हिपॅटायटिस बीची लस मात्र कर्करोग अडवते. तैवानने 1984 पासून ती नवजात बाळांना दिली आणि मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. भारतात ती 2011 पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो. घरात बाळंतपण असेल तर आजीबाईंनीच तेवढं विचारून घ्यावं.

रणदिवेबाईंना 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं. 2001 मध्ये त्या गेल्या. मुंबईतल्या नामांकित प्रयोगशाळेची खुर्ची लाभूनही त्या तिथेच अडकून पडल्या नाहीत. 1973 मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभारण्यात त्या पुढे होत्या. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या राजूर भागात त्या जात राहिल्या. तिथे आदिवासी बाळांचं रक्त तपासायचं, त्यांच्या पोषणाच्या नोंदी करायच्या, पाड्यांवरच्या बायकांना आरोग्याची मदत पोचवायची, हे काम त्यांनी हाती घेतलं होतं.