न दिसणाऱ्या जखमांचा वैद्य

पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून परतलेल्या अनेक ब्रिटिश सैनिकांच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. तरीही कुणाची वाचा गेली होती, कुणाचे हातपाय लटपटत होते, कुणी रात्री किंचाळत जागा होत असे. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांच्या लेखामुळे या अवस्थेला 'शेल शॉक' हे नाव मिळाले. अनेक सेनाधिकाऱ्यांना मात्र तो भ्याडपणाच वाटे. पलायन, भित्रेपणा आदी आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ मध्ये. त्या काळात या सैनिकांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणाऱ्या मोजक्या डॉक्टरांत डॉ. विल्यम रिव्हर्स अग्रभागी होते.

रिव्हर्स यांचा जन्म १२ मार्च १८६४ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. वडील धर्मोपदेशक आणि वाचादोषांवरील उपचारांचे जाणकार. मुलाचे अडखळत बोलणे मात्र कधीच पुरते सुटले नाही. वैद्यकीय पदवीनंतर ते मानसशास्त्र आणि मानववंशशास्त्राकडे वळले. निलगिरीतील तोडा समाजावरील त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९१६ मध्ये ते एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट लष्करी रुग्णालयात रुजू झाले. झाले ते विसरून जा, असा सल्ला तेव्हा सर्रास दिला जाई. दिवसा दडपलेली आठवण रात्री स्वप्नात उसळते, हे रिव्हर्स यांनी ओळखले. स्फोटात मित्राच्या देहाच्या चिंधड्या झालेल्या पाहून खचलेल्या एका अधिकाऱ्याला, मित्राला क्षणार्धात आणि वेदनेविना मरण आले असावे, हे त्यांनी उमगून दिले. दुःख राहिले, पण स्वप्नांतील भय ओसरले. प्रत्येकाला असा दिलासा सापडला नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदवले.

१९१७ मध्ये युद्धाचा जाहीर निषेध केल्यामुळे कवी सिगफ्रीड ससून यांना त्यांच्याकडे धाडण्यात आले. मुंबईच्या डेव्हिड ससून यांचे हे पणतू. ते मनोरुग्ण नाहीत, हे रिव्हर्स यांना ठाऊक होते. पण बरा झालेला सैनिक पुन्हा आघाडीवर जाणार, हा पेच त्यांना छळत राहिला. ससून परतले, जखमी झाले, वाचले. दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

४ जून १९२२ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, रिव्हर्स यांचे निधन झाले. आघातोत्तर तणाव विकार या नावाने अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत या दुखण्याला स्थान मिळायला १९८० साल उजाडले. अपघात, हिंसाचार वा आपत्तीनंतर तोच प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे, लहानशा आवाजानेही दचकणे, त्या आठवणीची वाट टाळणे, ही त्याची लक्षणे. ती महिनाभराहून अधिक टिकली, तर मनोविकारतज्ज्ञाची मदत घ्यावी. अशी मदत मागणे हा दुबळेपणा नव्हे, याची साक्ष क्रेगलॉकहार्टच्या त्या खोलीने शंभर वर्षांपूर्वीच दिली आहे.